फादर अँथनी डिमेलो, ये. सं. : दुःखातही देवाचे आभार मानायला शिकवणारे लोणावळ्याचे धर्मगुरू

लोणावळा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर चिक्की, धबधबे आणि बोरघाटातले धुके उभे राहते. पावसाळ्यातल्या रविवारी मिस्सा आटोपून पुण्याहून लोकलने लोणावळ्याला जाणारी कुटुंबे आपल्या प्रत्येक धर्मग्रामात आहेत. परंतु याच गावाचे नाव एके काळी जगाच्या कानाकोपऱ्यातील व्रतस्थांच्या तोंडी होते, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. १९७८ पासून १९८७ पर्यंत, म्हणजे जवळजवळ नऊ वर्षे, प्रार्थना शिकण्यासाठी धर्मगुरू आणि धर्मभगिनी दूरदूरच्या देशांतून या डोंगरावर येत असत. त्यांना शिकवणाऱ्या धर्मगुरूंचे नाव होते फादर अँथनी डिमेलो. त्यांचे सहकारी आणि विद्यार्थी त्यांना नुसते ‘टोनी’ म्हणत.

त्यांचा जन्म ४ सप्टेंबर १९३१ रोजी मुंबईत एका कॅथलिक कुटुंबात झाला. वडील फ्रँक आणि आई लुईझा. पाच भावंडांत अँथनी थोरले. वांद्र्याच्या संत स्टॅनिस्लॉस शाळेत येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखाली ते शिकले आणि त्यांच्यासारखेच व्हावे ही ओढ त्यांच्या मनात लहानपणीच रुजली. १९४७ साली, वयाच्या सोळाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर असताना, त्यांनी अंधेरीच्या विनयालयात येशूसंघात प्रवेश घेतला. देश स्वतंत्र होत होता आणि थोरला मुलगा घर सोडून चालला होता. आपल्याकडे थोरल्या मुलाने घर सांभाळायचे असते. त्या काळच्या कॅथलिक घरात असे दान देणे आईवडिलांना अभिमानाचे वाटे आणि जडही जाई.

१९५२ साली तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी त्यांना स्पेनमध्ये बार्सिलोना येथे पाठवण्यात आले. बार्सिलोनापासून मान्रेसा फार दूर नाही. याच मान्रेसात १५२२ साली संत इग्नेशियस लोयोला एका गुहेच्या आश्रयाने तपसाधना करीत होते आणि तेथेच त्यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथाची बीजे पेरली गेली. स्पेनमध्ये फादर कालवेरास नावाच्या एका जाणत्या येशूसंघीय धर्मगुरूंच्या मार्गदर्शनाखाली तरुण अँथनी यांनी तीस दिवसांची मौनसाधना केली. इग्नेशियसची साधना म्हणजे केवळ विचारांची आणि निर्धारांची मालिका नाही, ती प्रार्थनेची शाळा आहे, हे त्यांना तिथे उमगले. पुढील आयुष्यात त्यांनी जे काही केले त्याचे मूळ या अनुभवात आहे.

भारतात परतल्यावर पुण्यातील डी नोबिली कॉलेजात त्यांनी ईशज्ञानाचा अभ्यास केला. मार्च १९६१ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पुढे शिकागोच्या लोयोला विद्यापीठात समुपदेशन आणि रोमच्या ग्रेगोरियन विद्यापीठात आध्यात्मिक ईशज्ञान असे शिक्षण घेऊन ते परतले. १९६८ साली, ज्या विनयालयात मुलगा म्हणून प्रवेश केला होता, त्याच विनयालयाचे ते प्रमुख झाले.

आता त्या काळाविषयी थोडे सांगायला हवे, नाही तर पुढचे नीट समजणार नाही. दुसरी व्हॅटिकन परिषद १९६५ साली संपली होती. मिस्सा लॅटिनमधून लोकांच्या भाषेत आली होती, अनेक जुने नियम सैल झाले होते आणि त्याच वर्षांत जगभरातील कित्येक धर्मगुरू व धर्मभगिनी आपले व्रत सोडून जात होत्या. जे राहिले त्यांच्यापैकीही अनेकांची मने कोरडी पडली होती. वीस-पंचवीस वर्षे रोज प्रार्थनेला बसणारा एखादा धर्मगुरू खासगीत कबूल करी, की आपल्याला प्रार्थना करता येत नाही. फादर डिमेलो यांच्याकडे येणारी माणसे बहुधा अशी होती. ती नवशिकी नव्हती, थकलेली होती.

अशा व्रतस्थांसाठी १९७२ साली फादर डिमेलो यांनी पुण्यात पाळकीय समुपदेशनाची एक संस्था सुरू केली. पुढे ती ‘साधना’ या नावाने ओळखली जाऊ लागली आणि १९७८ साली लोणावळ्यास हलवण्यात आली. तेथे नऊ महिन्यांचा दीर्घ अभ्यासक्रम असे आणि एक महिन्याचा लहानही. साधकांचा छोटा गट एकत्र राही, बोले, रडे, भांडे, प्रार्थना करी. नऊ महिने एका छताखाली काढल्यावर कोणाचेही सोंग टिकत नाही, हे आपल्या घरांवरूनही आपण जाणतो.

मावळच्या या भूमीविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. लोणावळ्याजवळच कार्ला, भाजे आणि बेडसे येथील लेणी आहेत. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी बौद्ध भिक्खू या गुहांमध्ये पावसाळ्याचे महिने ध्यानात घालवीत. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी योगाच्या अभ्यासासाठी कैवल्यधाम स्थापन केले, तेही लोणावळ्यातच. इंद्रायणी नदी लोणावळ्याच्या कुरवंडे गावाजवळ उगम पावते आणि खाली देहू, आळंदीला जाते. १६३० च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात देहूच्या तुकोबांचे दुकान बुडाले आणि पत्नी अन्नावाचून गेली. त्यांनी पुढे एका अभंगात या सगळ्यासाठी, अगदी दिवाळे निघाल्याबद्दलही, विठ्ठलाचे आभारच मानले. रेव्हरंड नारायण वामन टिळक तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो असे मानीत, ते उगीच नव्हे.

फादर डिमेलो यांनी भारतीय ध्यानपद्धतींकडे मोकळ्या मनाने पाहिले. ते एका बौद्ध ध्यानशिबिरात सहभागी झाले होते. तेथे दिवसाचे कित्येक तास केवळ आपल्या श्वासाकडे लक्ष द्यायचे असे. हा अनुभव त्यांनी ख्रिस्ती प्रार्थनेच्या अंगणात आणला. १९७८ साली गुजरातेतील आणंद येथून प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘साधना’ या पहिल्या इंग्रजी पुस्तकात ४७ अभ्यास आहेत. शांतपणे बसणे, श्वासाचे भान ठेवणे, कल्पनेने शुभवर्तमानातील प्रसंगात प्रवेश करणे, येशूचे नाव जपणे असे ते अभ्यास आहेत. याच पुस्तकात एका वृद्ध रुग्णाची गोष्ट येते. त्याला प्रार्थना जमत नसे. कोणी तरी त्याला सुचवले, की समोर एक रिकामी खुर्ची ठेव, प्रभू येशू तिच्यावर बसला आहे असे समज आणि त्याच्याशी बोल. म्हातारा ही गोष्ट घरात कुणालाही न सांगता पुष्कळ वर्षे करीत राहिला. ज्या दिवशी तो मेला त्या दिवशी त्याचे डोके पलंगावरच्या उशीवर नव्हते, शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर टेकलेले होते.

परंतु ज्या प्रार्थनेसाठी हा लेख लिहीत आहोत ती पुस्तकाच्या अखेरीस येते. तिला त्यांनी स्तुतीची प्रार्थना म्हटले आहे. आपल्या आयुष्यात ख्रिस्ताचे सान्निध्य सर्वांत खरे करणारी प्रार्थना कोणती असे कोणी विचारले, तर आपण हीच निवडू, असे त्यांनी तेथे नमूद केले आहे. गुंतागुंतीच्या ध्यानपद्धती शिकवणाऱ्या या माणसाने अखेर सर्वांत वर ठेवली ती अगदी साधी गोष्ट, देवाचे आभार मानणे. मात्र आभार सगळ्याचे, आपल्याला आवडेल तेवढ्याचेच नव्हे.

ती प्रार्थना अशी करायची. भूतकाळातील किंवा आजची एखादी गोष्ट मनासमोर आणायची, जी आपल्याला दुःख देते, लाज आणते किंवा चीड आणते. त्या गोष्टीत आपला दोष असेल तर आधी प्रभूजवळ पश्चात्ताप व्यक्त करायचा. आणि मग, त्याच गोष्टीसाठी, स्पष्ट शब्दांत देवाची स्तुती करायची, त्याचे आभार मानायचे. ही गोष्टसुद्धा त्याच्या योजनेत बसते, तिच्यातूनही तो आपल्यासाठी आणि इतरांसाठी भले घडवील, ते भले आज दिसत नसले तरीही, असे त्याला सांगायचे. मग ती गोष्ट त्याच्या हाती सोपवून पुढे जायचे.

वाचायला हे सोपे आहे. ज्याने स्वतःचे मूल मातीला दिले आहे, ज्याच्या कारखान्याला टाळे लागले आहे, ज्या बाईचा नवरा दारूपायी घरदार विकून बसला आहे, त्याला किंवा तिला हे सांगून पाहावे. प्रस्तुत लेखकाने एकदा असा प्रयत्न केला आहे. एका आजारी परिचिताच्या खाटेशी बसून आपण देवाचे आभार मानू या असे म्हटले आणि त्या गृहस्थांनी भिंतीकडे तोंड फिरवले. चूक त्यांची नव्हती. घाई सांगणाऱ्याची होती.

फादर डिमेलो यांना हा धोका ठाऊक होता. या प्रार्थनेत आपल्याला एकच खरा धोका दिसतो असे ते बजावतात, आणि तो म्हणजे दुःख गिळून टाकण्याचा. ज्याचे माणूस गेले आहे त्याने आधी रडले पाहिजे. ज्याच्यावर अन्याय झाला आहे त्याचा राग आधी बाहेर आला पाहिजे. त्यानंतरच स्तुतीला अंतःकरणात जागा होते. समुपदेशनाचे शिक्षण घेतलेला माणूस येथे बोलतो आहे. त्याचबरोबर स्तोत्रकर्त्यांचीही हीच रीत आहे हे आपण विसरू नये. बायबलमधील कितीतरी स्तोत्रे आक्रोशाने सुरू होतात आणि स्तुतीने संपतात. मधला आक्रोश कोणी गाळलेला नाही.

दुसरी शंका अशी, की सगळ्याचे आभार मानत बसलो तर माणूस आळशी होणार नाही काय? अन्यायाविरुद्ध कोण उभे राहील? त्यावर त्यांचे उत्तर असे, की ही अडचण पुस्तकी आहे. जो मनापासून ही प्रार्थना करतो तो चांगले करण्याचे आणि वाईट टाळण्याचे सगळे प्रयत्न आधी करतो आणि मगच फळ जे येईल त्यासाठी देवाची स्तुती करतो. तापाच्या रोग्याने आधी औषध घ्यावे, आभार त्यानंतरही मानता येतात.

हे समजावताना त्यांनी एका चिनी शेतकऱ्याची जुनी गोष्ट वापरली आहे. त्याचा घोडा डोंगरात पळून गेला तेव्हा शेजारी हळहळले. तो घोडा रानटी घोड्यांचा कळप घेऊन परतला तेव्हा तेच शेजारी अभिनंदन करायला आले. त्यांतल्या एका घोड्याला वठणीवर आणताना मुलगा पडला आणि त्याचा पाय मोडला. पुन्हा हळहळ. काही दिवसांनी सैन्य गावात आले आणि धडधाकट तरुणांना लढाईवर घेऊन गेले, मोडक्या पायाचा मुलगा तेवढा घरी राहिला. प्रत्येक वेळी शेतकरी एवढेच म्हणे, की हे सुदैव की दुर्दैव, कोणास ठाऊक. ख्रिस्ती माणूस मात्र या शेतकऱ्यापेक्षा एक पाऊल पुढे जातो. ठाऊक आपल्यालाही नसते, पण ज्याला ठाऊक आहे तो आपला पिता आहे, असा आपला विश्वास आहे.

ही शिकवण फादर डिमेलो यांनी पदरची काढलेली नाही. संत पौलाने थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात सर्व परिस्थितीत आभार मानण्याचा उपदेश केला आहे, आणि फिलिप्पैकरांना आनंद करण्याविषयी त्याने लिहिले ते बेड्यांत असताना. पास्काच्या जागरण विधीत मेणबत्तीसमोर गायल्या जाणाऱ्या प्राचीन स्तुतिगीतात ख्रिस्तसभा आदामाच्या पापालाही धन्य म्हणते, कारण त्यापायी आपल्याला असा तारणारा मिळाला. दरवर्षी आपण ते ऐकतो, मात्र मध्यरात्रीच्या झोपेत त्याचा अर्थ निसटतो. आणि सर्वांत मोठा दाखला तर रोजच्या मिस्सेत आहे. ज्या रात्री प्रभूला धरून दिले गेले त्याच रात्री त्याने भाकर हाती घेऊन पित्याचे आभार मानले. ‘युखारिस्त’ या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच आभारप्रदर्शन असा आहे. यहूदा अजून फार दूर गेला नव्हता.

तरीही एक प्रामाणिक कबुली देणे भाग आहे. आपल्या पापासाठीसुद्धा देवाची स्तुती करावी, हे फादर डिमेलो यांचे म्हणणे अनेक श्रद्धावंतांना खटकते, आणि ते खटकण्यासारखे आहे. देव दुष्टाई इच्छीत नाही, तो ती घडू देतो आणि तिच्यातून भले काढतो, ही ख्रिस्तसभेची शिकवण आहे. संत ऑगस्टीनने हे सोळाशे वर्षांपूर्वी स्पष्ट केले. तेव्हा आभार मानायचे ते दुष्टाईचे नव्हेत. तिच्यातूनही हात देणाऱ्या देवाचे आभार मानायचे. हा फरक मनात धरून त्यांची ती पाने वाचावीत. आधी पश्चात्ताप आणि मग स्तुती हा त्यांनीच घातलेला क्रम याच दिशेने नेतो असे वाटते.

लोणावळ्याच्या वर्षांत त्यांची कीर्ती झपाट्याने वाढली. १९८२ साली ‘द साँग ऑफ द बर्ड’ हा लहान कथांचा संग्रह आला, १९८४ साली ‘वेलस्प्रिंग्ज’, १९८५ साली ‘वन मिनिट विस्डम’. हिंदू, बौद्ध, सूफी, यहुदी, ख्रिस्ती अशा सर्व परंपरांतील कथा ते सांगत आणि सांगून गप्प बसत. अर्थ ज्याचा त्याने शोधायचा. अमेरिका आणि युरोपमध्ये त्यांची शिबिरे होऊ लागली. पुस्तकांची अनेक भाषांत भाषांतरे झाली.

त्यांच्या शिकवणुकीचा सूरही या काळात बदलत गेला. प्रार्थनेपेक्षा ‘जागे होणे’, मनाच्या आसक्ती ओळखणे यांवर भर वाढला. काही जुन्या विद्यार्थ्यांना हा बदल मोकळा करणारा वाटला, काहींना अस्वस्थ करणारा. १९८७ च्या उन्हाळ्यात लोणावळ्यास जुन्या साधकांचे एक शिबिर झाले. त्यात सहभागी झालेले स्पॅनिश येशूसंघीय आणि गुजराती भाषेतील नामवंत लेखक फादर कार्लोस व्हॅलेस यांनी त्या दिवसांवर त्याच वर्षी एक पुस्तक लिहिले.

त्यानंतर फादर डिमेलो अमेरिकेला गेले. न्यूयॉर्कच्या फोर्डहॅम विद्यापीठात त्यांचे शिबिर व्हायचे होते. तेथे पोहोचल्यावर पहिल्याच रात्री हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. तो दिवस होता २ जून १९८७. वय अवघे पंचावन्न.

त्यांच्या मागे जे घडले तेही सांगणे कर्तव्य आहे. मृत्यूनंतर त्यांच्या व्याख्यानांवरून आणि टिपणांवरून आणखी पुस्तके निघाली. काही पुस्तकांना त्यांची संमती नव्हती. २४ जून १९९८ रोजी व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धांत मंडळाने, कार्डिनल जोसेफ रॅट्झिंगर म्हणजे पुढचे पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या सहीने, एक सूचनापत्र जाहीर केले. फादर डिमेलो यांच्या काही लिखाणात, विशेषतः नंतरच्या लिखाणात, देवाचे व्यक्तिरूप, प्रभू येशूचे अद्वितीय पुत्रत्व आणि ख्रिस्तसभेची भूमिका यांविषयी श्रद्धेशी न जुळणारे विचार आढळतात, असे त्यात सांगितले होते. अनेकांना याचे वाईट वाटले. मुंबई-पुण्याकडच्या कित्येक धर्मगुरूंनी त्यांच्याच हाताखाली प्रार्थना शिकली होती. त्यांच्या पुस्तकांच्या पुढील आवृत्त्यांत, ही पुस्तके अनेक धर्मांच्या वातावरणात, इतर धर्मीय आणि नास्तिक शोधकांनाही साहाय्य व्हावे म्हणून लिहिलेली असून कॅथलिक सिद्धांताची पाठ्यपुस्तके नव्हेत, अशा आशयाची टीप छापली जाऊ लागली.

पण त्या सूचनापत्राचा एक भाग फारसा कोणी वाचत नाही. फादर डिमेलो यांची आरंभीची पुस्तके पौर्वात्य प्रभाव दाखवीत असली, तरी ती ख्रिस्ती अध्यात्माच्या चौकटीतच राहतात, असे त्याच पत्रात म्हटले आहे. आणि तेथे त्यांनी शिकवलेल्या प्रार्थनेच्या प्रकारांचा उल्लेख करताना विनंती आणि मध्यस्थी यांच्या जोडीला स्तुतीच्या प्रार्थनेचेही नाव घेतले आहे. ज्या मंडळाने त्यांच्यावर बोट ठेवले त्याच मंडळाने लोणावळ्याच्या या शिकवणुकीला ख्रिस्ती परंपरेच्या आत ठेवले. एखादे पुस्तक हाती घ्यायचे झाले तर ‘साधना’ घ्यावे, आणि शक्यतो आपल्या धर्मगुरूंना विचारून घ्यावे, असे सुचवावेसे वाटते.

फादर डिमेलो यांचा देह न्यूयॉर्कहून मुंबईस आणण्यात आला. वांद्र्याच्या संत पीटर चर्चच्या भूमीत, ज्या शाळेत ते शिकले तिच्या अगदी शेजारी, त्यांना मूठमाती देण्यात आली. जून महिना होता. त्यांच्यावाचून साधनेचे काम लोणावळ्यात पुढे चालू राहिले.